शिडाचा दोर

पोर काल होडीवर चढल्यापासून ओकत होती, पण शिडाचा दोर काही कोणाच्या हाती देत नव्हती. रुक्मिनकाकीला हा हट्ट बघवेना. होडी तिची, ती चालवणारा तांडेल तिचा मुलगा. पण तीन दिवस होडीवरच राहून शीड शिकायला आलेल्या कॉलेजच्या पोरांवर हुकूम चाले तो काकीचाच. "पोटात पेज रवना नाय, नि दोर धरूक व्हयो! देवगडाक उतर आणि एस्टी पकड," तिने सकाळीच सुनावलं होतं. ऋजुता मान खाली घालून दोर धरून बसली होती.

दुपारी देवगडचा किल्ला दिसू लागला आणि डोंगराच्या खिंडीतून एकाएकी वारा कोसळला. होडी कलली, पाणी आत शिरलं. "ओढ! घट्ट धर!" पोरं ओरडली. ऋजुताने दोर सोडून दिला. शीड फडफडलं, वारा निसटून गेला आणि होडी डुलत डुलत सरळ झाली.

"घाबरून सोडला!" कोणीतरी हसलं. ऋजुता डोळे पुसत आपली पिशवी आवरू लागली.

काकी हसली नाही. अशाच वाऱ्यात दोर घट्ट धरून बसलेला तिचा नवरा होडीसकट गेला होता. तिने ऋजुताच्या हातातली पिशवी हिसकावली.

"रडतंस कित्याक गो? येळेर सोडलंस म्हणान वाचलो सगळे. तू खंयच उतरूचा नाय. पेज वाढतंय, ती ओकलंस तरी चलात. मगे परत दोर धर."