मोठीची सुटका

मदतनीस बाईंचे हात थांबले. धाकटीनं मात्र मान वर केली नाही. ती बाकावरच्या ओरखड्यातून नख फिरवत बसली होती.

"आठवडाभर हे असंच चाललंय," मदतनीस बाई वर्गशिक्षिकेला म्हणाल्या. "मी खुणा करते आणि ही बघतच नाही. माझंच काही चुकतंय का?"

मधल्या सुट्टीमुळे वर्ग रिकामा होता. वर्गशिक्षिका बाईंना आधी राग आला, मग रडायलाच आलं. या एका मदतनिसासाठी त्यांनी दोन वर्षं हेडमास्तरांचं डोकं खाल्लं होतं. प्रत्येक बैठकीत त्यांचा विषय तोच आणि हेडमास्तरांचं उत्तरही तेच. यंदा तरतूद नाही. पुढे पुढे तर बाई बोलायला उभ्या राहिल्या की बाकीचे शिक्षक निवांत चहा मागवायचे.

तरतूद नव्हती म्हणून बाईंनी घरगुती तोड काढली होती. लहानपणी तापात धाकटीचे कान गेले, तेव्हापासून तिच्याशी हातांनी बोलायची ती तिची मोठी बहीण. मोठीची शाळा आईनं केव्हाच सोडवली होती. घरचं इस्त्रीचं दुकान, आईला हाताशी कुणीतरी हवं होतं. बाई त्या दुकानात जाऊन ठाण मांडून बसल्या. मोठीला सोबत पाठवा, ती शेजारी बसून खुणांनी सांगेल, नाहीतर धाकटीचं काही खरं नाही, असं त्यांनी आईच्या गळी उतरवलं.

"धाकटीचं अडतंय तोवर पाठवते," आई म्हणाली. "ती सावरली की मोठी मला परत पाहिजे."

मोठी येऊ लागली. हजेरीत तिचं नाव नव्हतं. बाईंचं एक वाक्य झालं की तिचे हात सुरू व्हायचे, आणि ते थांबेपर्यंत बाई पुढचं वाक्य तोंडात धरून ठेवायच्या. पोरं तिला रेडिओ म्हणायची. हा रेडिओ वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायचा. "बाई, ही विचारतेय, चंद्राला स्वतःचा उजेड नाही, तर तो कधीकधी दिवसाही कसा दिसतो?" असलं काही आलं की बाई खूश होऊन धाकटीच्या पाठीवर थाप मारायच्या. एकदा मोठी आजारी पडली. तेवढे दिवस धाकटी नुसती ठोंब्यासारखी बसून राहिली आणि चाचणीचा पेपर तिनं कोरा दिला. मोठीवाचून हिचं पान हलत नाही, हे बाईंनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

वाईट त्यांना मोठीचं वाटायचं. दिवसभर दुसरीसाठी हात हलवायचे आणि घरी जाऊन इस्त्री फिरवायची. आपण या पोरीला फुकटात राबवून घेतोय, हे त्यांच्या मनाला खात होतं. शेवटी एकदाची मदतनीस मंजूर झाली. तीही अर्ध्याच दिवसाची, उरलेला अर्धा दुसऱ्या शाळेला. पण बाईंना त्याचंही अप्रूप. बाहेरच्या मुलीला आता वर्गात बसवायचं कारण नाही, असं हेडमास्तर म्हणाले, तेव्हा बाईंनी लगेच मान डोलावली. ही बातमी मोठीला सांगायला त्या स्वतः धावत गेल्या.

"सुटलीस गं बाई एकदाची," त्या म्हणाल्या.

मोठीनं विचारलं, "उद्या कुठला धडा आहे, बाई?"

"ती काळजी आता मदतनीस बाईंना. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

दुसऱ्या दिवसापासून मोठी दुकानात उभी राहू लागली. येताजाता बाई तिला हाक मारायच्या. ती हसायची, पण इस्त्री खाली ठेवायची नाही. कामात असेल, असं म्हणून बाई पुढे जायच्या.

आज मात्र त्यांचा धीर सुटला. त्या धाकटीच्या समोर येऊन बसल्या.

"अगं, तुझ्यासाठी किती जणांशी भांडले मी. आणि तू यांच्याकडे बघतसुद्धा नाहीस?"

मदतनीस बाईंनी ते खुणांनी सांगितलं. धाकटीनं वर पाहिलं. मग तिचे हात भरभर चालू लागले आणि मदतनीस बाई अडखळत एकेक वाक्य बोलू लागल्या.

"ती म्हणतेय, मला यांची गरज नाही. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या नाहीत, तर त्यांच्या ओठांवरून मला बरंच कळतं. राहिलेलं पुस्तकात असतं. प्रश्न मी कधीच विचारले नाहीत. ते ताईचे असायचे."

वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी बाईंनी आपल्या हातानं उठवून इस्त्रीपाशी नेऊन उभी केली होती, आणि वर तिला सुटलीस म्हणून सांगितलं होतं. आपण हे केलं यावर त्यांचा विश्वास बसेना.

"मग ताई आजारी होती, तेव्हा पेपर कोरा का दिलास?" त्यांनी विचारलं.

मदतनीस बाईंनी खुणा करायला हात उचलले. त्याआधीच धाकटी उत्तर देत होती. तिचं सांगून झालं. मग मदतनीस बाई खाली बघून हळूच म्हणाल्या,

"ती म्हणतेय, मी पास झाले असते, तर आईनं ताईला परत शाळेत पाठवलं असतं का?"