पिंडापुढचा शब्द

मंगळवारी दुपारी आण्णा सोप्यातल्या खाटेवर बसून नातीच्या मोबाइलवर अकरावीचा अर्ज वाचत होते. चष्मा कपाळावर, मोबाइल हातभर लांब. नात शिवांजली शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. माया, आण्णांची थोरली लेक, दोन दिवसांसाठी साताऱ्याहून माहेरी आली होती. ती उंबऱ्याशी लसूण सोलत होती.

पसंतीक्रमाचे रकाने रिकामे होते. शिवांजलीने आजोबांना सांगून टाकलं की तिला सायन्स नको, कॉमर्स नको आणि आर्ट्सही नको. मैत्रिणींच्या बहिणींची पुस्तकं आणून चाळली, कशात जीव लागला नाही. आयटीआयची यादीही बघून झाली.

"मग पायजे काय तुला?" आण्णांनी विचारलं.

"ठावं न्हाई."

मायाचा हात थांबला. तिच्या अकरावीच्या वेळी आण्णांनी अर्ज स्वतः भरला होता आणि ती दाराशी उभी होती.

आण्णांनी मोबाइल नातीच्या मांडीवर ठेवला. "न्हाई ना ठावं? मग ऱ्हाऊ दे रिकामं. मुदत हाय अजून. दोन-चार कॉलेजांत जाऊन वर्गात बसून बघू. मी येतो संगं."

"तुमाला वर्गात कोण घेतंय?"

"मागच्या बाकावर बसीन की."

मग त्यांनी चहा मागितला, साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली आणि ते द्राक्षबागेकडे चक्कर मारायला गेले. बुधवारी सकाळी हाक मारली तेव्हा ते उठले नाहीत.

दहाव्या दिवशी येरळा नदीच्या काठी पिंड ठेवून सगळे मागे सरून बसले. बाभळीवर सात-आठ कावळे होते. तास झाला तरी एकही खाली उतरेना. आण्णांचे चुलतभाऊ लालासाहेब म्हणाले, जेवणाच्या पंगतीतसुद्धा आण्णाने वाढप्याला असाच घाम फोडलाय. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मग शब्द द्यायला सुरुवात झाली. पिंडापुढे दिलेला आणि कावळ्याने शिवून मान्य केलेला शब्द त्या भावकीत कधी कोणी मोडला नव्हता. असाच शब्द देऊन लालासाहेबांनी एकदा भांडणातली विहीर सोडली होती आणि पुन्हा तिचं नाव काढलं नव्हतं. मायाचा भाऊ, शिवांजलीचा बाप हिंदुराव पुढे झाला. आईला अंतर देणार नाही म्हणाला. कावळे हलले नाहीत. बागेची एकही वेल मोडणार नाही म्हणाला. एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

बायकांतून कोणीतरी घरात दहा दिवस चाललेलं बोलणं पुन्हा काढलं, की जायच्या आदल्या दिवशी आण्णा नातीचा अर्ज बघत होते. हे सगळ्यांना पटलं. त्यातच जीव अडकला असणार. मायाला सायन्सला घातलं, ती साताऱ्यात लॅबमध्ये रक्त तपासते, पांढरा कोट घालते. आण्णा चारचौघांत सांगायचे ते. नातीचं तेवढं बघायचं राहिलं.

अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. शिवांजली बायकांच्या मागे बसून बोटाने वाळू उकरत होती. तिने एकदा मान वर करून आत्याकडे बघितलं. माया पदराचं टोक मुठीत धरून समोर बघत राहिली.

हिंदुरावने हात जोडले. "आण्णा, शिवांजलीला सायन्सला घालतो. तुमच्या मनात हाय तसंच हुईल."

बाभळीवरून एक कावळा सुटला आणि पिंडापासून दोन हातांवर उतरला. मान वाकडी करून त्याने भाताकडे बघितलं. एक उडी पुढे आला. लालासाहेबांनी हात वर केला. सगळे जागच्या जागी थिजले.

माया उठली.

"खाली बस, माया," लालासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "उडंल त्यो."

ती बसली नाही. वाळूतून सरळ पिंडाकडे चालत गेली. कावळा उडाला आणि त्याच्यामागून बाभळीवरचे सगळेच नदीपलीकडे गेले. बायकांनी तोंडावर पदर घेतला.

"काय केलंस हे, आक्का?" हिंदुरावचा आवाज फुटला. "शिवत हुता त्यो."

मायाने त्याला मंगळवारचं सांगितलं. सायन्स आण्णांच्या मनात नव्हतं. रकाना रिकामा ठेव म्हणाले होते, मी येतो संगं म्हणाले होते. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हिंदुरावने लेकीकडे बघितलं. शिवांजलीने मान डोलावली.

"दहा दिवस झालं," तो म्हणाला. "घरात सगळी त्येच बोलत हुती. तू का बोलली न्हाईस?"

माया पिंडाकडे वळली. हात जोडायचंही तिला सुचलं नाही.

"आण्णा, मला सायन्स नको हुतं," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तुमच्या शब्दाखातर गेले म्हणत्यात. तसं न्हाई. मी तुमाला भीत हुते. ही पोरगी भीत न्हवती."