नमुन्याचा व्हिडिओ

दिवसभर लोकांच्या मोबाइलमधल्या बिघडलेल्या व्हिडिओ फायली जुळवून दीपमालाचे डोळे चुरचुरत होते. रहाटणीतल्या दुकानाचं शटर ओढणार, तोच कुरुळीचे उद्धवराव मोबाइल घेऊन आले.

"आमच्या मंडळीचा, मंजुळाचा, भाकऱ्या थापतानाचा एवढाच व्हिडिओ हाय. ती गेल्यापासनं चालंना."

"काका, याच मोबाइलवर नमुन्याला काहीतरी शूट करा. त्याच्या आधारानं जुना जुळवता येतो."

त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर मोबाइल रोखला आणि सवयीनं म्हणाले, "हं, बस आता नीट." मग खुर्चीवर आपली पिशवी ठेवली.

दीपमालानं जांभई दाबत दोन्ही फायली कॉम्प्युटरवर घेतल्या. बऱ्याच खटपटीनंतर जुना व्हिडिओ एकदाचा चालू झाला. कुरुळीची खोली, पेटलेली शेगडी, तव्यावर भाकरी. उद्धवरावांचा आवाज आला, "हं, बस आता नीट."

शेगडीपुढे कोणीच नव्हतं. भाकरी करपत चालली होती आणि उलटायला हात नव्हता.

"काहीतरी चुकलं काका. परत करून बघते."

उद्धवराव स्क्रीनकडे बघतच नव्हते. त्यांनी खुर्चीवरची पिशवी अलगद उचलून मांडीवर घेतली.

"नको पोरी. लांबनं आलीया, जरा टेकू दे तिला."

रिकामी खुर्ची, वजन पडल्यासारखी, करकरली.