गेटवरचा मराठी माणूस

"तर ठरलं. महाराष्ट्र दिनापासून बहादूर बंद. गेटवर मराठी माणूस," श्यामकांत म्हणाले आणि बहादूरच्याच ट्रेमधला चहा उचलून त्यांनी फुर्रकन घोट घेतला.

बहादूर जागचा हलला नाही. त्याच्यासमोर मराठीत काहीही बोलायची स्वानंद सोसायटीला सवयच होती. त्याला कुठं कळतंय!

तशी मुलुंडची ही सोसायटी सोन्यासारखी. पण सेक्रेटरी श्यामकांत नुकतेच निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणसाच्या अंगात शिरलेला अभिमान लवकर उतरत नाही. "बघा जरा," ते कमिटीला म्हणाले, "दूधवाला जौनपूरचा. नळवाला ओडिशाचा. सुतार जोधपूरचा. इस्त्रीवालाही तिकडचाच कुठला तरी. उद्या हे सगळे एकदम गावी गेले, तर आपण चहा न घेता, आंघोळ न करता, चुरगळलेल्या शर्टात, मोडक्या दारामागे बसून राहू. निदान गेट तरी आपलं हवं!"

टाळ्या पडल्या.

आता खरी गोम अशी, की हा बहादूर कुडाळचा होता. नाव राजाराम परब. आधीचा नेपाळी वॉचमन गावी गेला, तेव्हा एजन्सीने त्याच्याच गणवेशात याला गेटवर उभा केला. पहिल्याच सकाळी, जागरणाने याचे डोळे बारीक झालेले असताना, कमिटीतल्या उत्तराबाई खिडकीतून ओरडल्या, "बहादूर, ये पिशवी उपर लेके आव!" हा म्हणाला, "जी मेमसाब." झालं! त्या दोन शब्दांत तो थेट हिमालयात पोचला. एवढी चढण इतक्या झटपट कुडाळचा दुसरा कुणी चढला नसेल. तेव्हापासून उत्तराबाई त्याच्याशी हिंदीत मराठी बोलायच्या, "बहादूर, कचरा सांडा है, झाडके टाको." हा त्यांना हिंदीत मालवणी ऐकवायचा. पगार एजन्सी द्यायची, त्यामुळं त्याचं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. आणि चालू नोकरीत उगाच खोडा कशाला घाला, म्हणून यानेही ते सांगितलं नाही.

पण आता नोकरी जाणार म्हणजे पंपाशेजारची खोलीही जाणार. त्या खोलीत बायको द्रौपदी होती. लेक माधुरी होती, तिचं कॉलेज चालत जाण्याइतक्या अंतरावर. राजारामने ट्रे खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"साहेबानू, माका काढू नकात. मी कुडाळचो. परब. इतकी वर्सां तुमच्या गेटार मराठी माणूसच हुबो आसा."

उत्तराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. गेटपाशी उभं राहून आपण सुनेविषयी काय काय बोललो, ते त्यांना एका दमात सगळं आठवलं. श्यामकांत मात्र गहिवरले. "अहो परब! आधी नाही का सांगायचं? नोकरी कायम! बसा, बसा!" त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. राजाराम तिच्या टोकावर टेकला. त्या दिवशी पंपाशेजारच्या खोलीत घावणे झाले.

घोळ दुसऱ्या सकाळी सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावरचा मुकुल रोजच्यासारखा गाडीचं फडकं घेऊन खाली आला. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. "बहादूर, गाडी पुसके ठेवो," हे कसं सुटसुटीत होतं. पण परब वयाने मोठे, त्यात आपल्यातले. त्यांना कसं सांगायचं? राजारामने आपणहून बादली उचलली, तर मुकुलने ती हिसकावूनच घेतली. "लाजवता काय हो परब!"

उत्तराबाई पिशव्या स्वतः वाहू लागल्या आणि प्रत्येक जिन्यावर दम खात खाली विचारू लागल्या, "परब, जेवलात ना?" श्यामकांत आपल्या कुत्र्याला स्वतः फिरवायला निघाले, तर कुत्र्याने त्यांना भांडुपपर्यंत ओढत नेलं. गटार तुंबलं. सगळे नाकाला रुमाल लावून जायचे, पण परबांना कुणी सांगेना आणि परबांना कुणी करूही देईना. मुकुलच्या गाडीवर तर धुळीचा असा थर बसला, की टपावर मेथी उगवली. खोटं वाटत असेल तर मुलुंडात कुणालाही विचारा, दोन जुड्या निघाल्या.

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं आणि राजारामचा सत्कार झाला. शाल दिली, श्रीफळ दिलं. "आपला माणूस!" म्हणताना श्यामकांतांचा आवाज भरून आला. मग त्यांनी राजारामला हळूच बाजूला घेतलं.

"परब, खरं सांगू? तुम्हाला हलकी कामं सांगायची म्हणजे जिवावर येतं हो. जीभच रेटत नाही. तेव्हा उद्यापासून तुम्ही मोकळे. कमिटीने एकमताने ठरवलंय."

राजारामच्या खांद्यावरून शाल घसरली.

"आणि हो," श्यामकांत त्याच्या खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाले, "तुमच्या ओळखीत एखादा बहादूर असेल, तर तेवढा पाठवून द्या."

राजारामने नारळ काखोटीला मारला. रस्ता ओलांडून तो समोरच्या सोसायटीच्या गेटवर गेला. तिथला बहादूर स्टुलावर बसून पेंगत होता.

"सुयोगा, ऊठ," राजाराम त्याला हलवत म्हणाला. "उद्यापासून तू थंय, मी हंय, खोलीसकट. एजन्सीक मी सांगतंय. फकत एक ध्यानात ठेव, थंय मराठीत त्वांड उघडू नको."