नारळाच्या गावी नारळ

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत आम्ही कर्जतहून वसई बघायला गेलो. किल्ला झाला, बाजार झाला, तरी सासूबाईंनी नारळांची पिशवी कुणाला धरू दिली नाही. “आई, इथं झाडाखाली उभं राहिलं तरी नारळ डोक्यात पडतो,” नवरा म्हणाला. “पडू दे रं. तो माहेरचा नाय.” समुद्रावर पोचल्यावर त्या घोट्याएवढ्या पाण्यात शिरल्या. “आपल्या कर्जतच्या कोंडाण्याची नदी हितं समुद्राला दिलेली हाय. लेकीकडं मोकळ्या हातानं कसं यायचं?” त्यांनी घरचे तांदूळ, खण, नारळ लाटेच्या ओटीत घातले. मी बाजूला उभी होते. आई गेल्यापासून माझी ओटी भरायला माहेरी कुणी उरलं नव्हतं. ते मी कधी बोलले नव्हते. त्यांनी दुसरा नारळ काढला. “पदर पसर गं. ही पिशवी दोन लेकींची हाय.” येताना तो नारळ मी नवऱ्यालाही धरू दिला नाही.