दोनशे अकरावी

“बघा, मयताला दिवाळीची सुट्टी मंजूर!” यादी नाचवत युनियनचे दळवीदादा हसले.

दोन विमान कंपन्या एक झाल्या, तेव्हा नव्या कंपनीत आपल्याच युनियनला मान्यता मिळावी म्हणून दोन्ही युनियनांनी आपापली माणसं मोजली. त्या जोशात मेलेल्यांचीही नावं धरली. त्यामुळे हवाईसुंदरींच्या ज्येष्ठता यादीत दोनशे अकरावी होती दोन वर्षांपूर्वी वारलेली यामिनी आणि दोनशे बारावी तिची मैत्रीण वृंदा. सुट्टी मात्र पहिल्या दोनशे अकरा जणींनाच होती.

“वृंदाताई, मान्यता मिळाली, यामिनीच्या नावाचं काम झालं. अर्जावर सही करा, नाव खोडतो. तुमचा नंबर लागतो.”

वृंदाने पेन घेतलं. अकरा वर्षांनी घरची दिवाळी! साताऱ्याला आईने अनारशांचे तांदूळ भिजतही घातले होते.

दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या. यामिनी वयाने तीन दिवसांनी मोठी, म्हणून सीनियर. क्रूच्या गाडीत खिडकी कायम तिची. “सीनियरचा मान असतो गं,” म्हणायची.

वृंदाने पेनाला टोपण लावलं.

“काय झालं, ताई?”

“नाव राहू दे, दादा. जिवंतपणी तिला दिवाळीची सुट्टी एकदाही मिळाली नव्हती.”