लहान माप

“पाच वर्षांचं मूल कुणाकडे आहे?” शिलाई यंत्रांच्या घरघरीवर मुकादमाने आवाज चढवला. “आत्ता लागेल. साहेब आलेत.”

सगळ्यांत आधी टाचणीने हात वर केला. तोंडात सदा टाचण्या, म्हणून हे नाव.

या शेडमध्ये एकेकाळी तंबू शिवायचे. समुद्रापलीकडे युद्ध पेटलं, परदेशी कंपनीने शेड विकत घेतली, आणि आता इथे प्रेतं ठेवायच्या पिशव्या शिवतात. मोठं माप बघायला दारावरचा पहारेकरी पिशवीत आडवा व्हायचा. घोरायचासुद्धा. कामाला तर उसंत नव्हती. “टिकू दे गं बाई ही लढाई,” शेजारची म्हणायची, “माझ्या घराचा वरचा मजला राहिलाय.”

आता तिकडून लहान माप मागवलं होतं. नमुना पसंत पडला तर इथेच दुसरी शेड. नाहीतर सगळा कारभार दुसऱ्या देशात आणि टाचणी घरी. तिच्या घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं.

पाळणाघरातून तिची पोर आणली. टाचणीने तिला टेबलावर उताणी झोपवली, डोक्यापासून टाचेपर्यंत फीत धरली.

“गुदगुल्या होतात!”

“हलू नकोस गं, माझे आई.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत पिशवी तयार. पोर आपणहून आत शिरली. चेन गळ्यापर्यंत आली. साहेबांनी पोरीकडे पाहिलंच नाही. तिच्या पायांखालचं मोकळं कापड चिमटीत धरलं आणि काहीतरी विचारलं.

“इथे चार बोटं जास्त का, विचारतायत,” दुभाषी म्हणाला.

“वाढत्या अंगाचं शिवलंय, साहेब,” टाचणी कौतुकाने म्हणाली. “पोरांचं असंच शिवतात. पुढच्या वर्षी...”



दुभाष्याने क्षणभर मुकादमाकडे पाहिलं. मग सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. साहेब रागावले नाहीत. मान हलवून हसले, दोन शब्द बोलले.

“तेवढं कापा म्हणतात. दर पिशवीमागे कापड वाचेल. शेड मंजूर!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. “जिंकलीस गं टाचणे!”

टाचणीने कात्री उचलली.

“कापू नको ना, आई,” पोर आतून म्हणाली. “मग मला आखूड होईल.”

“नाही होत आखूड,” टाचणी म्हणाली. “पाय वर घे.”